बंडखोरांची झाडायची पाळी

मी दहावी तीनदा नापास. पहिल्यांदा गणितात, दुसऱ्यांदा गणित आणि इंग्रजीत, आणि तिसऱ्यांदा पेपरच्या दिवशी वरातीची सुपारी होती म्हणून गेलोच नाही. तरी आज जर्मनीत एका रजिस्टर संस्थेचा मी सेक्रेटरी आहे. लोकांना वाटतं, याने काहीतरी केलं असणार. केलं ना. मला एका संस्थेतून हाकललं, तिथून हे सगळं सुरू झालं.

पुण्यात मी लग्नाच्या ब्रास बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचो. वर लाल कोट, सोनेरी झालरी, आणि खाली घरची चप्पल, कारण मालक फक्त कोटच द्यायचा. अशाच एका वरातीत बायको भेटली. ती नवरीची मैत्रीण, शिकलेली, इंजिनियर. ती म्हणते, मी तिच्याकडे बघून लय वाढवली. मी म्हणतो, ती थांबेचना म्हणून मला थांबता आलं नाही. आमच्या धंद्याचा नियमच आहे तो. नाचणारा थांबेपर्यंत वाजवणाऱ्याने थांबायचं नाही. मग दोनशे मीटरच्या वरातीला दोन तास लागू देत, मागे बसवाले हॉर्न मारू देत, नवरदेवाच्या मामाला अंगात आलंय ना, मग चालू दे.

तिला स्टुटगार्टला गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली आणि तिच्या व्हिसाला चिकटून मी आलो. मीपण नोकरी धरली. एका मोठ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये, भांड्यांच्या मशीनवर. आता इथल्या मराठी लोकांत गेलं की पहिला प्रश्न ठरलेला.

"तुम्ही कशात?"

"भांड्यांत."

"अच्छा, म्हणजे होम अप्लायन्सेस! आर अँड डी का?"

"नाही हो. खरकटी येतात, स्वच्छ जातात."

तो माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग बायकोकडे. मग एकदम चेहरा उजळतो. "हां हां, तुम्ही हिचे मिस्टर!"

सहा वर्षं मी 'हिचे मिस्टर' होतो. डॉक्टरकडे, बँकेत, गणपतीत, सगळीकडे. वाईट काही नाही त्यात, बायको हुशार आहे, तिच्या मागे उभं राहिलं की सावली मिळते. पण कधीकधी वाटायचं, या देशात एक तरी दार असावं जे मी ढकललं तर आतले लोक म्हणतील, आला रे हा. आणि मग विचारतील, बायको कोण याची?

तर एके दुपारी मी खाली कचरा टाकायला गेलो. ओल्या कचऱ्याचा डबा नवीन होता, झाकण मस्त ताणलेलं. हात गेला. एकदा वाजवलं, दोनदा वाजवलं, मग मी विसरलोच की मी कुठे आहे. मान वर केली तर समोर आमचा हाउसमाइस्टर. म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणारा. साठी ओलांडलेला, पांढरी दाढी, मागे केसांची शेपटी, आणि हातात पाना. जिन्यातल्या सगळ्या सूचना त्याच्या हातच्या. सायकल इथे लावू नका. बूट दाराबाहेर ठेवू नका. एक ते तीन मिटाग्सरूह, म्हणजे दुपारची शांतता, आवाज करू नका. घड्याळात दीड वाजला होता.

मी जर्मन माफी मागायला तोंड उघडलं. माफीचं एक वाक्य मला पाठ आहे, रोज लागतं. तो म्हणाला, "नॉख माल."

म्हणजे परत वाजव.

मी परत वाजवलं. तो हाताची घडी घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "आमचा ड्रमवाला गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलाय. शनिवारी ये. आणि आता बंद कर, मिटाग्सरूह आहे."

शनिवारी कळलं की हा माणूस कंट्री म्युझिक गातो. अमेरिकेतलं, गुराख्यांचं, गिटारवालं. आणि त्यातही साधं नाही, आउटलॉ, म्हणजे कायदा न मानणाऱ्यांचं. त्यांचा क्लबच होता आउटलॉ लोकांचा, शहराबाहेर टेकडीवर, द्राक्षांच्या मळ्यांमागे. सिनेमात असतात तशी झुलणारी दोन अर्धी दारं. ती ढकलून आत गेलो तर पन्नासेक जर्मन म्हातारे-म्हाताऱ्या, हॅटा घालून, बूट घालून, कमरेला पट्टे. आणि दाराच्या आतल्या बाजूला पाटी लटकवलेली: केरवोखे.

ही गोष्ट स्टुटगार्टकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगतो. केरवोखे म्हणजे झाडायची पाळी. ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, हिवाळ्यात बर्फ काढायचा. शब्दातच केर आहे म्हणून माझ्या पहिल्या दिवसापासून लक्षात. पण गुंडांच्या अड्ड्यावर ही पाटी बघून मी जरा गडबडलो.

"तुम्ही आउटलॉ ना?" मी विचारलं.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, हाउसमाइस्टर म्हणाला. "पण झाडायला तर लागतंच."

बिअर घेऊन त्याने मला इतिहास सांगितला. माझं जर्मन अर्धं, त्याची दाढी दाट, त्यामुळे जे पोचलं ते असं. पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेत नॅशव्हिल नावाच्या गावात गाण्यांच्या कंपन्या होत्या. गायकाने फक्त गायचं. कुठलं गाणं गायचं ते कंपनी सांगणार. मागे व्हायोलिनं किती, कोरसला बायका किती, सगळं कंपनी. आणि मुख्य म्हणजे, गावोगाव ज्या पोरांना घेऊन तू रोज वाजवतोस, ती पोरं स्टुडिओत चालणार नाहीत. तिथे कंपनीची पगारी माणसं. ठरल्या वेळेत गुळगुळीत वाजवून घरी जाणारी. मग काही गायकांचं डोकं फिरलं. म्हणाले, गाणी आमची, आवाज आमचा, आणि बँडपण आमचाच. नाहीतर गात नाही. केस वाढवले, दाढ्या वाढवल्या, काहींनी टेक्सास गाठलं. त्यांना आउटलॉ म्हणायला लागले.

"मग कंपन्यांनी काय केलं?"

"बघितलं की लोकांना आवडतंय. मग कंपन्यांनीच 'आउटलॉ' असं लेबल लावून विकलं."

मी एवढा हसलो की बिअर नाकात गेली. आमच्या बँडमालकाने हेच केलं होतं. आम्ही पोरांनी कोट घालायला नकार दिला, उकडतं म्हणून, तर त्याने पुढच्या सुपारीला सांगितलं, "आमचा स्पेशल बिनकोटाचा बँड आहे," आणि वरचे पैसे लावले.

मला ते संगीत आवडलं का? आवडलं. त्यात ड्रम रेल्वेसारखा चालतो. धकधक धकधक, हळू आवाजात, झाडूसारख्या ब्रशने. मी म्हटलं, हे तर मला झोपेत येतं, फक्त माझी गाडी जरा वेगात असते.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "काय नाव म्हणालास क्लबचं?"

"आउटलॉ."

लॅपटॉप मिटला. "अरे, आपला जर्मन पासपोर्टचा अर्ज आत आहे! फॉर्मवर स्पष्ट विचारलंय, कुठल्या घटनाविरोधी संघटनेचे सभासद आहात का. आणि तू कायद्याबाहेरच्यांत नाव घालून आलास?"

"अगं, ते झाडू मारतात."

"कोणाला?"

पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल चालू होता हे आमच्या लक्षातच नव्हतं. टेबलावर उभ्या केलेल्या फोनातून आवाज आला, "अहो जावईबापू, आता या वयात दरोडेखोरांत कशाला?"

शेवटी मी क्लबची साट्झुंग आणून दिली. साट्झुंग म्हणजे संस्थेची नियमावली. चौदा पानं. बायकोने सगळी वाचली, खालच्या टिपांसकट. हॅट टेबलावर ठेवायची नाही. खोटं पिस्तूलसुद्धा आधी सांगून आणायचं. दारू पिऊन घोड्याविषयी अपशब्द काढायचे नाहीत, हे मी माझ्याकडचं घालतोय, पण बाकी तसंच होतं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "यांच्यापेक्षा आपली कोथरूडची सोसायटी जास्त बंडखोर आहे. जा बिनधास्त."

मी गेलो. सहा महिने गेलो, कारण जुन्या ड्रमवाल्याचा गुडघा काही सुधारेना. आणि खरंच दार ढकललं की ओरडायचे, "डेर ट्रॉमलर!" म्हणजे ड्रमवाला आला. कोणी विचारायचं नाही बायको कुठे असते, व्हिसा कुठला, डिग्री काय. मी दर शनिवारी अर्धा तास आधी जायचो, नुसता दार ढकलायला.

आता अडचण अध्यक्षांची. ते बांधकाम खात्यातून रिटायर झालेले, आणि क्लबच्या लाइन डान्सचे प्रमुख. लाइन डान्स म्हणजे सगळ्यांनी रांगेत उभं राहून एकसारखी पावलं टाकायची. बत्तीस मात्रा झाल्या की सगळे एकदम वळतात, दुसऱ्या भिंतीकडे तोंड. पुन्हा बत्तीस, पुन्हा भिंत. अध्यक्षांना आमचा बँड नको होता. त्यांना सीडी हवी होती. "सीडी कधी घाई करत नाही," म्हणायचे. बरीच ओढाताण होऊन ठरलं: उन्हाळ्याच्या जत्रेत बँडला एक संधी. नीट वाजवलं तर राहील. नाहीतर पुढच्या वर्षीपासून सीडी, आणि बँड बंद.

हाउसमाइस्टर मला गाडीत म्हणाला, "आल्झो, ऐक. बत्तीस. एक जास्त नाही, एक कमी नाही."

"गेनाऊ," मी म्हटलं. हा शब्द मी काहीही कळलं नाही की वापरतो.

जत्रेच्या दिवशी अध्यक्षांनी प्रत्येकाला एक छापील कागद दिला. कुठलं गाणं, किती मिनिटं, कितव्या मात्रेला संपणार. मी तो नीट चार घड्या करून ड्रमच्या स्टँडखाली ठेवला, कारण एक पाय हलत होता. बरोब्बर बसला. मला फार समाधान वाटलं.

बायको आलेली. आमच्या ओळखीची अजून दोन मराठी कुटुंबं तिने आणलेली, भजी घेऊन. तीन वाजता, मिटाग्सरूह संपल्या संपल्या, सुरुवात झाली. पहिली तीन गाणी मी अशी वाजवली की माझा मलाच कंटाळा आला. धकधक धकधक. चाळीस माणसं पुढे-मागे, टाच, चवडा, वळ. अध्यक्ष पहिल्या रांगेत, ओठ हलतायत, आकडे मोजतायत.

चौथ्या गाण्याला दुसऱ्या रांगेत मला एक बाई दिसल्या. सत्तरीच्या, गुलाबी हॅट, जरा जाड. त्यांना ते गाणं लागलं होतं. हे मला कोणी शिकवायला नको, आयुष्यभर मी हेच बघत आलोय. पावलं तीच टाकत होत्या, पण खांद्यात काहीतरी चाललं होतं. नवरदेवाच्या मामाचा खांदा असाच सुरू होतो.

मी मनाला म्हटलं, बत्तीस. हाताने ऐकलं नाही.

आधी लय थोडी वर गेली. बाईंचा खांदाही वर गेला. मी आणखी सोडली. मग भिंत बदलायच्या आधी माझ्या हातून एक तोडा निघाला, आमचा वरातीतला, चौकात पोचल्यावर वाजवतात तो. चार मात्रांचा होता. चारच.

निम्मी माणसं वळली. निम्मी थांबली. ज्यांनी कानाने ऐकलं ती पूर्वेकडे गेली, ज्यांनी मोजलं ती उत्तरेकडे, आणि मधल्या रांगेत दोघांच्या हॅटा एकमेकींवर आपटून खाली पडल्या. एक बूट एका हॅटवर आला. मी बघतोय, सगळं बघतोय, पण गुलाबी हॅटवाल्या बाई आता दोन्ही हात वर करून नाचत होत्या. आणि नाचणारा थांबेपर्यंत आपण थांबायचं नाही. हाउसमाइस्टरची शेवटची ओळ गाऊन झाली. गाणं संपलं. मी संपलो नाही. त्याने माझ्याकडे वळून बघितलं, मी त्याच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे चल, परत घे. आणि त्या माणसाने एक श्वास घेतला आणि परत घेतलं.

आमची भजीवाली मंडळी तोवर रांगेत घुसलेली. एकाने रुमाल दातात धरला. ते बघून चार-पाच जर्मन लोकांनी गळ्यातले लाल रुमाल काढून दातात धरले. सगळ्या गोंधळात एकच माणूस बरोबर होता. अध्यक्ष. बरोबर पावलं, बरोबर भिंत, मैदानाच्या मधोमध एकटे, उत्तरेकडे तोंड करून.

दहा दिवसांनी पत्र आलं. खास सर्वसाधारण सभा. विषय एक: स्वागत. विषय दोन: मागील सभेचं इतिवृत्त. विषय पाच: ड्रमवाला.

मी बायकोला म्हटलं, "बघ, अजेंड्यावर माझा विषय आहे. दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदा माझ्यावर एवढी चर्चा."

ती हसली नाही. ती म्हणाली, "तुला तिथे राहायचंय ना रे?"

मी म्हटलं, "दार फार छान आहे त्यांचं." आणि मी भांडी घासायला गेलो. घरी मशीन असूनसुद्धा.

सभेत अध्यक्ष ओरडले नाहीत, तेच वाईट. शांतपणे म्हणाले, चार मात्रा जास्त, लयीत वाढ, ठरल्या वेळेनंतर वादन चालू. कागद दिला होता का? दिला होता. कुठे आहे? स्टँडखाली. ते म्हणाले, गाणं तेवढं राहू दे, ड्रमवाला बदला. नवीन माणूस आम्ही देतो, नोटेशन वाचणारा.

हाउसमाइस्टर उभा राहिला. हॅट काढली. टेबलावर ठेवली. आख्ख्या सभेने ती टेबलावरची हॅट बघितली.

"बँड माझा आहे," तो म्हणाला. "तो जाणार तर मी जाणार."

बास, एवढंच. मला त्याची नॅशव्हिलची गोष्ट आठवली. मी उठून "गेनाऊ" म्हटलं, या वेळी कळून. मग हात वर करून मतदान झालं. आम्ही हरलो. मीसुद्धा चुकून आमच्याविरुद्ध हात वर केला, प्रश्न उलटा विचारला होता म्हणून, पण तो धरला नसता तरी हरलोच होतो.

आम्ही झुलती दारं ढकलून बाहेर पडलो. दारं मागे झुलत राहिली. एकदम सिनेमा. दहा पावलं गेलो तेवढ्यात अध्यक्षांनी आतून हाक मारली. राजीनामा लेखी द्यावा लागतो. आणि नोटीस तीन महिन्यांची. तोपर्यंत आम्ही सभासदच. आणि पाटी बघितली तर पुढच्या आठवड्याची केरवोखे बँडची.

तर बंड केल्यानंतरच्या शनिवारी मी आणि हाउसमाइस्टर ज्या क्लबने हाकललं त्याचंच क्लबहाऊस झाडत होतो. तो झाडत होता, मी पुसत होतो. अध्यक्ष येऊन कोपरे बघून गेले. "सौबर," म्हणाले. स्वच्छ. त्यांनी केलेलं हे माझं एकमेव कौतुक.

झाडता झाडता हाउसमाइस्टर म्हणाला, "आपण स्वतंत्र वाजवू. पण रजिस्टर करून. संस्था हवी. संस्थेला सात माणसं लागतात."

मी पुसायच्या काठीवर टेकून त्याच्याकडे बघतच राहिलो. हा माणूस नियमाविरुद्ध बंड करून निघाला आणि पहिलं काम काय, तर नियमावली.

मोजलं. गिटारवाला म्हणजे तो स्वतः, मी, बास वाजवणाऱ्या बाई, आमचा व्हायोलिनवाला. चार. गुलाबी हॅटवाल्या बाई पहिल्याच फोनला हो म्हणाल्या, आणि नवऱ्याला न विचारता त्याचंही नाव दिलं. सहा. सातवं कोणी मिळेना.

मी घरी सांगितलं, पण तिचं नाव मागितलं नाही. पासपोर्टचा अर्ज अजून आतच होता आणि मला माझी पायरी माहीत आहे. बायको म्हणाली, "सभा कधी?"

सभा आमच्याच बिल्डिंगच्या तळघरात, कपडे वाळत घालायच्या खोलीत झाली. डोक्यावर कोणाच्या तरी चादरी. बायको ऑफिसमधून थेट आली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. इतिवृत्त कोणी लिहायचं यावर सगळ्यांनी छताकडे बघितलं, म्हणून मी वही उघडली. मला वाटलं, आजच्यापुरतं आहे. ते सेक्रेटरीचं पद असतं आणि ते दोन वर्षांचं असतं, हे नंतर कळलं. मी सगळं देवनागरीत लिहून घेतलं, जसं ऐकू येईल तसं.

बास वाजवणाऱ्या बाईंनी बायकोकडे बघून विचारलं, "आणि या कोण?"

बायकोने आपलं नाव, कंपनी सांगायला तोंड उघडलं. त्याच्या आत हाउसमाइस्टर म्हणाला, "या? या ड्रमवाल्याच्या बायको."

"आख सो!" बाईंचा चेहरा एकदम उजळला. मी तो चेहरा ओळखतो. सहा वर्षं पलीकडून बघितलाय.

मी वहीत लिहून टाकलं. उपस्थित, क्रमांक सात: ड्रमवाल्याची बायको. 

नियम ठरवताना मी एकच घालायला लावला. नाचणारा थांबेपर्यंत वाजवणारा थांबणार नाही. हाउसमाइस्टर लगेच म्हणाला, "दुपारी एक ते तीन सोडून." बायको म्हणाली, "आणि रात्री दहापर्यंतच." सगळे म्हणाले, "गेनाऊ."

दुसऱ्या दिवशी तिने माझी वही घेतली आणि जर्मनमध्ये टाइप करायला बसली, कारण ते सरकारदरबारी जाणार होतं. लाल पेन घेऊन आधी वही तपासली. तारखेपासून चूक निघाली. अध्यक्षाच्या जागी मी गायक लिहिलं होतं, संस्थेचा पत्ता म्हणून चादरींची खोली लिहिली होती. पानभर लाल झालं. मी शेजारी उभा, निकाल लागायच्या दिवशी उभा राहायचो तसा.

क्रमांक सातवर पेन थांबलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग पेन आठव्या ओळीवर गेलं, तिथे माझं शुद्धलेखन चुकलं होतं.

सातवी ओळ तिने तशीच टाइप केली.